सहा वर्षांच्या मुलीसाठी चित्रपुस्तके सुचवाल का?

नमस्कार. जूनमध्ये आम्ही लातूरहून पुण्याला राहायला आलो. मुलगी पहिलीत आहे. पहिल्याच आठवड्यात ती वर्गात ‘मी चित्र काढायले’ असे म्हणाली आणि शेजारची मुले हसली, तेव्हापासून ती शाळेत जेमतेम बोलते. परवा आजीशी फोनवर मोकळेपणाने बोलत असताना दारात मैत्रीण दिसताच तिने वाक्य अर्ध्यावर तोडले आणि हळूच ‘काढतेय’ अशी दुरुस्ती केली. बाईंशी बोलणे झाले आहे, त्या समजूतदार आहेत. मला हवी आहेत ती रात्री तिला जवळ घेऊन वाचता येतील अशी पुस्तके.

अप्पा बळवंत चौकातून चार पुस्तके आणली, पण त्यांचा साचा एकच निघाला: वेगळ्या पिल्लाला सगळे चिडवतात, मग पूर येतो किंवा वाघ येतो, नेमके ते वेगळेपणच कामी येते आणि मग सगळे त्याला आपल्यात घेतात. ‘आणि पूर आलाच नसता तर?’ असे मुलीने विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

याउलट, 1936 साली इंग्रजीत निघालेली फर्डिनंड बैलाची गोष्ट मी मराठीत सांगत दाखवली, ती तिला फार आवडली. त्याला झुंजायचे नसते, बुचाच्या झाडाखाली बसून फुलांचा वास घ्यायचा असतो. माद्रिदच्या रिंगणात नेले तरी तो बायकांच्या केसांतल्या फुलांचा वास घेत बसून राहतो आणि शेवटी त्याला घरी सोडावे लागते. कोणाच्या उपयोगी पडल्याशिवायच तो जसा आहे तसा राहतो. (स्पेनमधले हे झाड म्हणजे आपल्याकडे पांढऱ्या फुलांचा सडा घालते ते बुचाचे झाड नव्हे. त्याच्या सालीपासून बाटल्यांची बुचे करतात. चित्रकार लॉसन यांनी मात्र गंमत म्हणून ती फांद्यांना फळांसारखी लटकवली आहेत. हे आधी मुलीच्या लक्षात आले, माझ्या नाही.)

अशा धाटणीची, शक्यतो मूळ मराठीतली आणि कमी मजकुराची चित्रपुस्तके कोणती आहेत? माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ मालिका आमच्याकडे आहे. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या मोफत गोष्टी आम्ही वाचतो, परंतु झोपताना मोबाइल नको, म्हणून छापील पुस्तकच हवे. गावाकडची बोली बोलणारे मूल आणि त्या बोलीची थट्टा न करणारे पुस्तक कोणाच्या पाहण्यात असेल, तर ते सर्वात आधी सांगावे.