माळवदाच्या घराची ढाळज काढतेय, पर्स्पेक्टिव्ह चुकतंय: संदर्भ फोटो आणि साधनं सुचवा

नमस्कार मंडळी,

औसा तालुक्यातलं आमचं माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर मागच्या उन्हाळ्यात पाडलं. आजीला त्याचं चित्र हवंय. मोठ्या दारातून आत आलं की डाव्या हाताला ढाळज (दाराजवळची ओसरी), ओट्यावर ओळीनं पाच सागवानी खांब, वर तुळई, तिच्यावर कड्या (छत पेलणारी आडवी लाकडं) आणि समोर उजेडाचा चौक.

इंटरमिजिएटपर्यंत चित्रकला केलीय. घनभूमितीचे ठोकळे तेव्हा पट्टीनं नीट यायचे. पण घराच्या आत उभं राहून दिसतं तसं काढायला गेलं की सगळं बिघडतं. खांब लांब जातील तसे जवळजवळ दिसतात एवढं कळतं, म्हणून अंदाजानं अंतरं ठेवली: ६ सेंमी, मग ५, ४, ३. आजीनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "आपली ढाळज एवढी लांब कुठं होती गं? घोडं पळंल की हिच्यात." आता हे दुरुस्त कसं करायचं तेच सुचत नाही.

फोटो म्हणावा तर एकच आहे, काकाच्या लग्नातला. दोन खांबांपुढं वऱ्हाडी उभे आहेत आणि खालची जमीन कापली गेलीय. नेटवर शोधलं की रेल्वेचे रूळ येतात, परदेशातले रस्ते येतात, नाहीतर कोकणातली कौलारू घरं. सपाट माळवदाचं घर आतून दाखवणारा फोटो सापडतच नाही. प्रत्यक्ष जाऊन बघावं तर किल्लारी इथून जवळ. १९९३ च्या भूकंपानंतर दगडमातीच्या जड घरांची जी धास्ती बसली, ती आमच्या भागात अजून आहे. आमच्या गावात तर सगळीकडं पत्रे नाहीतर स्लॅब.

माझ्याकडं साधा मोबाईल आणि जुना लॅपटॉप आहे, टॅबलेट नाही. कुणाकडं अशा ढाळजेचे फोटो असतील तर कृपया टाका. आणि खांबांचं अंतर ठरवायची खात्रीची रीत सांगा.

उत्तर

ताई, आजींची नजर पक्की आहे. पहिल्या खांबापासून तुम्ही दोन खण (खण म्हणजे दोन खांबांमधली जागा) मागं उभ्या आहात असं धरा. पहिलं अंतर ६ सेंमी असेल तर पुढची ३, १.८ आणि १.२ येतात आणि लोपबिंदू (लांब जाणाऱ्या रेषा चित्रात जिथं एकत्र मिळतात तो बिंदू) पहिल्या खांबापासून १८ सेंमीवर पडतो. आता तुमची अंतरं मिळवून बघा: ६, ५, ४, ३ म्हणजे बरोबर १८. शेवटचा खांब थेट लोपबिंदूवर गेला, म्हणजे ढाळज क्षितिजापर्यंत लांबली!

आकडेमोड नको असेल तर कर्णाची रीत वापरा. खांबांचे माथे आणि पाय लोपबिंदूला जोडणाऱ्या दोन रेषा आखा, पहिले दोन खांब उभे करा. मग पहिल्याच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या मध्यातून रेषा ओढा. ती खालच्या रेषेला जिथं मिळेल तिथं तिसऱ्याचा पाय. पुढचे असेच. लोपबिंदूवर टाचणी टोचून दोरा बांधला की पट्टी सारखी सरकवावी लागत नाही.

लॅपटॉपवर क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. त्यातल्या असिस्टंटमध्ये (रेषा आखायला मदत करणाऱ्या साधनात) लोपबिंदू ठेवता येतो. एफस्पाय हे सॉफ्टवेअरही फुकट मिळतं. लग्नाच्या फोटोतल्या तुळईच्या आणि ओट्याच्या कडा त्यात दाखवल्या की कॅमेरा कुठून, कोणत्या कोनातून धरला होता ते कळतं.

संदर्भासाठी एकदा वेरूळला जाच. ५ नंबरच्या लेण्यात मधोमध दगडी बाकांच्या दोन लांब ओळी आहेत आणि दोन्ही बाजूंना खांब. १२ नंबरच्या तीन मजली लेण्यातही खांबांच्या रांगाच रांगा. फोटो काढताना मोबाईलमधली ०.५ची (जास्त रुंद दाखवणारी) लेन्स नको, ती कडेचे खांब ताणते. मोबाईल सरळ उभा धरा, वर झुकवला की खांब माथ्याकडे एकमेकांकडे कलतात.

धागा सुरू करणारी

खूप खूप आभार, दादा. दोरा बांधून काढलं, एका संध्याकाळीत पाचही खांब जागेवर बसले. आजीनं हात फिरवून बघितलं. मग म्हणाली, "पण हे उभं राहून दिसायलंय. मी तर उंबऱ्यापाशी बसून निवडत असायची."

म्हणजे क्षितिजरेषा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांइतकी खाली घ्यायची. ओटा जवळजवळ डोळ्यांच्या पातळीत येईल, वरच्या कड्या आता जास्त दिसतील, आणि त्याच मला नीट आठवत नाहीत. आजी म्हणते खणाला सात होत्या. खालून वर बघून काढलेला माळवदाचा फोटो आहे का कुणाकडं?