पोरगं भारी की टीम भारी? (आपल्या सोसायटी ग्रुपवर आज सकाळी)

डी-६०२: गुड मॉर्निंग. पहाटे साडेपाचपासून २०२५ चा एनबीए ड्राफ्ट (अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये टीम एकेक करून नवी पोरं निवडतात तो) बघतोय, डोळे चुरचुरतायत पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कूपर फ्लॅग पहिल्या नंबरला डॅलसला गेला, ते सगळ्यांना माहीतच होतं. पण एस बेली पाचव्या नंबरला युटाने घेतला! त्याने एकाही टीमला खासगी वर्कआउट दिला नव्हता, फिलाडेल्फियाचा तर ठरलेला रद्द केला. हवी ती टीम मिळावी म्हणून एवढं सगळं, आणि गेला कुठे तर युटाला, यंदा १७ जिंकून ६५ हरलेली टीम.

ए-२०१: वर्कआउट म्हणजे चाचणीच ना? इंटरव्ह्यूला जायचं नाही आणि नोकरी मात्र आपल्या पसंतीची पाहिजे, हे काही मला पटत नाही. १८ वर्षांचं पोर ते. अंगात खेळ असेल तर कुठेही दिसेल, खणखणीत नाणं कुठल्याही बाजारात वाजतं.

सी-४०३: आमची लेक रटगर्स कॉलेजलाच आहे न्यू जर्सीला, बेली आणि दुसऱ्या नंबरला गेलेला डिलन हार्पर दोघंही तिथलेच. वर्षभर फोनवर हेच ऐकतोय आम्ही. एवढे दोन हिरे एका टीममध्ये असून १५ मॅच जिंकले आणि १७ हरले, शेवटच्या मोठ्या टुर्नामेंटला पोचलेच नाहीत म्हणे.

बी-७०४: काका नमस्कार. नाणं वाजतं हे मान्य, पण ते कुणीतरी उचलून वाजवायला लागतं. बेलीने इंटरव्ह्यू टाळले ते मलाही आवडलं नाही, पण त्याच्या मनातली भीती खरी आहे. ड्राफ्टमध्ये मुलगा टीम निवडत नाही, टीम मुलाला निवडते, आणि ती कुठली असणार ते लॉटरी ठरवते, जास्त हरलेल्या टीमला जास्त चान्स. युटा यंदा सगळ्यात खाली होती तरी पाचव्या नंबरवर घसरली आणि फक्त १.८ टक्के चान्स असलेल्या डॅलसला पहिला नंबर लागला. म्हणजे पोराचं अख्खं करिअर कुठे सुरू होणार ते एका ड्रॉवर.

आता कवाय लेनर्डचं सांगतो. २०११ ला १५ वा गेला, इंडियानाने घेतला आणि लगेच जॉर्ज हिलच्या बदल्यात सॅन अँटोनियोला दिला. पंजे हे एवढे मोठे, डिफेन्स जबरदस्त, पण लांबून शूटिंग नाही, कॉलेजच्या दोन वर्षांत थ्री पॉइंटर (लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट) शंभरातले पंचवीसच पडायचे. सॅन अँटोनियोकडे चिप एंगलंड म्हणून शूटिंगचे कोच होते. कवाय बॉल पार डोक्याच्या वर मागे नेऊन सोडायचा, त्यांनी तो खाली आणि पुढे आणला. बोलायला एवढंच, पण हाताची जुनी सवय मोडायला काय घाम लागतो ते मारणाऱ्यालाच माहीत. पहिल्याच सीझनला ३७.६ टक्के! तिसऱ्या सीझनला, २०१४ ला, फायनल्सचा एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात भारी खेळाडू. हात तेच, पोरगं तेच. तो बॉल खाली आणणारा माणूस भेटलाच नसता तर?

डी-६०२: सर पण सॅन अँटोनियोला गेलेला प्रत्येक जण कवाय झाला का? आणि दुसरीकडे अँथनी बेनेट घ्या, २०१३ चा पहिला नंबर. क्लीव्हलंड, मिनेसोटा, टोरंटो, ब्रुकलिन, चार वर्षांत चार टीम. चारही ठिकाणी टीमचीच चूक?

ए-२०१: हेच म्हणतोय मी. नाचता येईना अंगण वाकडं.

सेक्रेटरी: टाकी साफ करायची आहे, ११ ते १ पाणी बंद राहील, कृपया भरून ठेवा.

बी-७०४: बेनेटचं मी टीमवर ढकलणार नाही. खांद्याचं ऑपरेशन होऊन आला, उन्हाळ्यात खेळला नाही, वजन वाढलं, सुरुवातीचे कितीतरी शॉट सलग चुकले, आणि पुढे तीन संधी मिळूनही जमलं नाही. काही वेळा टीमचा निवडीचाच अंदाज चुकतो, तिथे कोचही काही करू शकत नाही.

पण डार्को मिलिचिच घ्या. २००३ चा दुसरा नंबर, त्याच्या मागून निवडले गेले ते पुढे स्टार झालेले कार्मेलो अँथनी, बॉश, वेड. सर्बियाचं १८ वर्षांचं पोर, घरापासून एवढं लांब, आणि गेलं कुठे तर डेट्रॉइटला, जी टीम तेव्हा चॅम्पियन व्हायला निघाली होती आणि २००४ ला झालीसुद्धा. त्यांना पोर घडवायला वेळ कुठे? पहिल्या सीझनला ३४ मॅचमध्ये खेळला, मॅचमागे पाच मिनिटंसुद्धा नाहीत. त्या वयात बेंचवर बसून बसून मन कसं मरतं ते मी जवळून बघितलंय. लोक सांगतात चांगल्या टीमला गेला की पोराचं भलं होतं, मला ते अर्धंच पटतं. टीम जिंकते किती यापेक्षा त्या पोराच्या जागी आधीच कोण उभं आहे हे बघायला पाहिजे.

डी-६०२: मग डेन्व्हरचा योकिच? २०१४ ला ४१ वा, नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती, आणि पुढे तीन वेळा एमव्हीपी. त्याला कुठे कुणी घडवलं?

बी-७०४: अरे योकिच तर माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे 🙂 डेन्व्हरने त्याला घेतलं आणि घाई केली नाही, अजून एक वर्ष सर्बियातच खेळू दिला. मग आला तर त्याच्याच जागेवर नुर्किच, तोही सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. दोघांना एकत्र खेळवून बघितलं, जमेना. योकिच स्वतः म्हणाला मी बेंचवरून येतो. डिसेंबर २०१६ मध्ये कोच मायकल मलोन यांनी ठरवलं की आता सेंटर योकिचच, आणि सगळा खेळ त्याच्या हातातून चालवायचा. सेंटरच्या हातात पासिंग देणं म्हणजे तेव्हा केवढी हिंमत! दुसऱ्या कोचने सांगितलं असतं तू बास्केटखाली उभा राहा आणि रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल) घे.

आणि नुर्किचचं काय झालं ते कुणी सांगत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याला पोर्टलंडला दिला, वरून ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीचा एक पिकसुद्धा (निवडीचा हक्क) दिला, म्हणजे न्या बाबा एकदाचा असं. डेन्व्हरला त्या सीझनमध्ये मॅचमागे ८ पॉइंट आणि ५.८ रिबाउंड होते त्याचे. पोर्टलंडला त्याच सीझनमध्ये खेळलेल्या २० मॅचमध्ये १५.२ आणि १०.४. महिन्याभरात माणूस उंच झाला का? कौशल्य वाढलं का? जागा मिळाली, मिनिटं मिळाली, बस.

सी-४०३: आपला तो पंजाबचा मुलगा होता ना, सव्वासात फुटी? तोही डॅलसच ना?

बी-७०४: हो ताई, सतनाम सिंग, बल्लो के गावचा, ७ फूट २ इंच. २०१५ ला ५२ वा, भारतात जन्मलेला ड्राफ्ट झालेला पहिला खेळाडू. त्या दिवशी मी पोरांना प्रॅक्टिस सोडून पेढे वाटले होते. दोन सीझन डॅलसच्या खालच्या लीगच्या टीममध्ये होता, एनबीएची एकही मॅच मिळाली नाही. त्याचं फार वाईट वाटतं, कारण तिथे काळच फिरला होता, सगळ्या टीम पळणारे आणि लांबून मारणारे मोठे खेळाडू शोधायला लागल्या आणि बास्केटखालच्या संथ सेंटरला जागाच उरली नाही. त्याच डॅलसने डर्क नोविट्झकीला मात्र जपलं होतं. पहिल्या सीझनला मॅचमागे जेमतेम ८ पॉइंट, थ्री पॉइंटर शंभरात वीस पडायचे, तरी त्याला लांबून मारू नकोस असं म्हणाले नाहीत. २१ सीझन तिथेच खेळला.

सी-१०५: दादा मी हे सगळं वाचतेय कारण आमच्याकडे सध्या हाच विषय चालू आहे. मुलगा १५ चा, दोन क्लबनी बोलावलंय. एक मोठा, नाव आहे, पण तिथे त्याच्या जागेवर दोन सीनियर मुलं आहेत. दुसरा छोटा. सगळे म्हणतात मोठ्याला घाला.

ए-२०१: मोठ्या क्लबमध्ये मोठ्यांबरोबर प्रॅक्टिस तरी मिळेल की. रोज तगड्या पोरांसमोर उभं राहणं हेही शिक्षणच.

बी-७०४: काका हे अगदी बरोबर बोललात, पण प्रॅक्टिस रोज मिळणार असेल तर. मी कॉलेजला असताना ६ फूट २ होतो म्हणून मला बास्केटखालीच उभा केला, लांबून बॉल मारला की बाहेर. दोन वर्षं अशीच गेली. मग दुसऱ्या टीमकडून खेळलो, तिथले सर म्हणाले मार, चुकला तरी मार. पहिल्या मॅचला सातपैकी एक पडला तरी काढलं नाही मला. ते सर आज नाहीत, पण त्यांचा तो आवाज अजून कानात आहे.

सी-१०५, वहिनी, क्लबचं नाव राहू द्या. दोन्हीकडे जाऊन नुसतं विचारा की आठवड्यातून किती दिवस ह्याच्याकडे स्वतः कोण बघणार, आणि मॅचमध्ये ह्याला किती मिनिटं मिळतील. मोठ्या क्लबने तोंडावर सांगितलं की सहा महिने बेंच पण सर रोज शिकवतील, तर खुशाल घाला. नुसतं "बघू" म्हणाले तर विचार करा.

डी-६०२: म्हणजे सर, बेलीची माणसं बरोबरच होती?

बी-७०४: प्रश्न बरोबर होता त्यांचा, विचारायची पद्धत चुकली. वर्कआउटला जाऊन समोरासमोर विचारायचं होतं की मला कुठे खेळवणार. आता युटाला गेलाय तर वाईट नाही मला वाटत, तिथे मिनिटं भरपूर मिळतील, चुका करायला मोकळीक मिळेल. पुढे कसं होतं ते त्याच्यावर.

सी-१०५: थँक्यू दादा. आजच विचारते दोन्हीकडे.

बी-७०४: विचारा. आणि परवा खालच्या कोर्टवर बघितला मी त्याला, शॉट मारताना उजवा कोपर बाहेर पडतोय त्याचा, म्हणून बॉल डावीकडे जातो. संध्याकाळी सहाला पाठवा, पाऊस नसेल तर मी खाली असेनच.