शब्दचर्चा : ‘आर मिनर’ म्हणजे गौण कला की सुगम कला?

प्रश्न : सेर्ज गेन्सबूर या फ्रेंच गीतकाराच्या चरित्रावर मी लेख लिहीत आहे. चित्रकला सोडून गाण्याकडे वळलेले गेन्सबूर गाण्याला ‘आर मिनर’ (फ्रेंच art mineur, शब्दशः ‘लहान कला’) म्हणत असत. त्यासाठी मी ‘हलकी कला’ असा शब्द योजला आहे. तो योग्य वाटतो का?

उत्तर : ‘हलकी’ हा शब्द टाळावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. ‘हलक्या प्रतीचे’, ‘हलक्या कानाचा’ या प्रयोगांमुळे त्याला कमअस्सलपणाची छटा चिकटलेली आहे, आणि गेन्सबूर यांचा रोख तसा नव्हता. डिसेंबर १९८६ मध्ये बेर्नार पिवो यांच्या ‘आपोस्त्रोफ’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गी बेआर या गीतकाराशी त्यांचा कडाक्याचा वाद झाला. तेव्हा चित्रकला, वास्तुकला, अभिजात संगीत अशा कलांना दीक्षा लागते आणि गाण्याला ती लागत नाही, असा भेद त्यांनी केला होता.

हा भेद त्यांच्या आयुष्यातूनच आलेला आहे. १९२८ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या गेन्सबूर यांचे वडील कॅबरेमध्ये पियानो वाजवून घर चालवत. मुलाने मात्र आंद्रे लोत आणि फेर्नां लेजे यांच्या हाताखाली चित्रकलेचे धडे घेतले. पुढे वडिलांप्रमाणेच पियानो वाजवून पोट भरण्याची वेळ आली आणि तिशीच्या सुमारास कुंचला खाली ठेवताना त्यांनी आपली बहुतेक चित्रे नष्ट केली. १९५८ च्या पहिल्या तबकडीत पोर्त दे लीला या मेट्रो स्थानकावरच्या तिकीटतपासनिसाचे गाणे आहे. दिवसभर तिकिटांना छिद्रे पाडून वैतागलेल्या त्या माणसाला अखेर एक छिद्र स्वतःलाच पाडून घ्यावेसे वाटते. इतके नेमके चित्र उभे करणाऱ्या गाण्याला हलके कसे म्हणावे?

दुसरे मत : मग ‘सुगम कला’ का नको? आपण सुगम संगीत म्हणतो, त्यात कमीपणा नसतो.

उत्तर : आपली सूचना अर्थाच्या फार जवळ जाते, कारण ‘दीक्षेवाचून कळणारे’ हा भाव ‘सुगम’मध्ये नेमका उतरतो. अडचण एवढीच, की गेन्सबूर यांच्या बोलण्यातली उतरंड त्यात पुसली जाते. शोपँ या अभिजात संगीतकाराच्या ई मायनर प्रेल्यूडवर, म्हणजे पियानोसाठीच्या एका छोट्या रचनेवर, त्यांनी १९६९ मध्ये ‘जेन बी.’ हे गाणे बेतले. वरच्या पायरीवर कोणती कला आहे, याचे भान त्यांनी कधीच सोडले नाही. म्हणून मजकुरात ‘गौण कला’ लिहावे आणि पहिल्या उल्लेखात ‘दीक्षेविना साधणारी’ एवढा खुलासा जोडावा.

आणखी एक विनंती आहे. मराठीत ‘गीतकार’ म्हटले की केवळ शब्द लिहिणारा डोळ्यांसमोर येतो, तर गेन्सबूर चालही बांधत आणि स्वतः गातही असत. तेव्हा ‘गीतकार, संगीतकार आणि गायक’ असे पूर्ण लिहावे. ‘चित्रकलेचा छंद होता’ हे वाक्य लेखात असल्यास तेही कृपया काढावे, कारण तरुणपणी त्यांनी स्वतःला चित्रकारच मानले होते.