पोरीनं पेपर सोडवला, पण गुण कुठेच दिसेनात

मिरजेची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी मिरजेत वीस वर्षं शिष्यवृत्ती परीक्षेचे वर्ग घेतलेत. २०२० साली वर्ग बंद पडले तेव्हा फळ्यासमोर मोबाइल उभा करून व्हिडिओ काढले आणि व्हॉट्सॲपवर टाकले. तिथं सगळं वाहून जायचं. मग भाच्यानं स्वस्तातलं होस्टिंग घेऊन मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर) बसवून दिलं. तेव्हा तीन अभ्यासक्रम होते, तिन्ही मीच शिकवायची, त्यामुळे सगळीकडे एकच हात दिसायचा. आज एकतीस अभ्यासक्रम आहेत, नवोदयचीही तयारी घेतो, शिक्षक नऊ. आणि हातही नऊ दिसतात.

म्हणजे कसं, सोडवायच्या प्रश्नसंचाला गणिताचे सर 'चाचणी' म्हणतात, मराठीच्या बाई 'स्वाध्याय', बुद्धिमत्तेचे सर 'सराव पेपर', आणि पहिल्या पानावर भाच्यानं लिहून ठेवलंय 'टेस्ट सिरीज'. एकीकडे 'धडा', दुसरीकडे 'घटक', तिसरीकडे 'लेक्चर ७'. इंग्रजीच्या बाईंनी प्रत्येक घटकाला फुलाचं चित्र लावलंय.

गेल्या महिन्यात जतकडच्या एका पालकांचा रात्री साडेनऊला फोन. "मॅडम, पोरगी म्हणती पेपर सोडवला. मला तर मार्क दिसंनात. खोटं बोलती का?" पोरगी मागं रडत होती. मी माझ्या खात्यातून उघडून बघितलं, तर गुण मलाही दिसेनात. दुसऱ्या दिवशी तिनं वहीतल्या कच्च्या कामाचे फोटो पाठवले, पंच्याहत्तरच्या पंच्याहत्तर प्रश्नांचे. म्हणजे पोरीनं पेपर सोडवला होता.

असा हा चौथा की पाचवा फोन. एका डिझायनरांना दाखवलं. त्यांनी जांभळ्या रंगाच्या आठ देखण्या स्क्रीन काढून दिल्या आणि सगळं नव्यानं करायचे पैसे सांगितले. झेपतील, पण उन्हाळी तुकडीची अख्खी फी त्यात जाईल. करू का? का आधी दुसरंच काही करायला हवं?


फुलस्टॅक_फुकट

मूडल म्हणजे जुनाट प्रकरण. सोडून द्या. स्वतःचं ॲप बनवा, दोन महिन्यांत होतं. रंगसंगती आणि बटणं एकदा ठरली की सगळं एकसारखंच दिसणार.


बोरू_आणि_बटण

फुलस्टॅकराव, ॲप दोन महिन्यांत होईलही. नऊ शिक्षक त्यात पुन्हा चार शब्द घेऊन येतील, त्याचं काय?

मास्तरीणबाई, आधी त्या पोरीचं बघू. मूडलमध्ये शेवटच्या प्रश्नाखाली जे बटण येतं, त्यानं पेपर जमा होत नाही. मूळ इंग्रजीत त्याचं नाव 'फिनिश अटेम्प्ट'. ते दाबलं की एक सारांशाचं पान उघडतं, कुठल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय आणि कुठला राहिलाय ते दाखवणारं. त्या पानाच्या पार तळाशी खरं बटण असतं, 'सबमिट ऑल अँड फिनिश'. ते दाबल्यावर पुन्हा एकदा खात्री विचारतात. तुमच्या मुलीनं बहुतेक पहिलं बटण दाबलं, ओळीनं पंच्याहत्तर वेळा 'उत्तर जतन झाले' वाचलं आणि फोन बाबांच्या हातात दिला. तिच्या लेखी पेपर झाला. मूडलच्या लेखी ती अजून बसलीय सोडवत. वेळेची मर्यादा घातली नसेल तर पुढच्या वर्षीची परीक्षा येईपर्यंत बसेल. त्या चाचणीचा निकालाचा तक्ता उघडा आणि प्रत्येक मुलापुढचा स्थितीचा रकाना बघा. तिच्यापुढे 'सुरू आहे' अशा अर्थाचं काही असलं तर चोर सापडला.

हे दुरुस्त करायला जांभळा रंग लागत नाही. साइटच्या व्यवस्थापनात भाषेखाली शब्द बदलायची सोय आहे. पहिल्या बटणावर लिहा 'उत्तरं पुन्हा बघा', दुसऱ्यावर 'पेपर जमा करा'. 'समाप्त', 'पूर्ण', 'संपवा' हे तिन्ही शब्द दोन्हीकडून काढून टाका. काय संपलं ते त्यातून कळतच नाही. शिवाय चाचणीला ९० मिनिटं घाला, खऱ्या पेपरलाही तेवढीच असतात, आणि वेळ संपल्यावर आपोआप जमा होऊ दे. एक मेख आहे. मूल पान बंद करून गेलं असेल तर हे आपोआप जमा करायचं काम सर्व्हरवरचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं उरकणारा प्रोग्राम) करतो, आणि स्वस्तातल्या होस्टिंगवर क्रॉन लावायचा हमखास राहिलेला असतो. भाच्याला विचारा, तो आधी 'लावलाय' म्हणेल. तरी उघडून बघा.

आता मोठा प्रश्न. मी बारा वर्षं हेच काम करते. नर्सिंगचे कोर्स चालवणाऱ्या एका साइटवर आम्ही अगदी तुमच्या डिझायनरांच्या वाटेनं गेलो. सहा महिने खपून सगळी बटणं एका निळ्या रंगाची, एका गोलाईची केली. मदतीचे फोन वाढले! कारण आता त्याच देखण्या निळ्या बटणावरचं 'पुढे' एका ठिकाणी पुढच्या प्रश्नाकडे न्यायचं आणि दुसरीकडे थेट पुढच्या धड्यात, अर्धवट उत्तर टाकून. आधी दोन्ही वेगळी दिसायची तेव्हा माणूस निदान बिचकून थांबायचा. आम्ही त्याचं ते बिचकणंही काढून घेतलं. ते निस्तरायला मग मला बसवलं आणि मी पहिले तीन आठवडे फक्त शब्द गोळा केले.

तर एक रविवार काढा. नऊ शिक्षक, पोहे, आणि प्रत्येक अभ्यासक्रमाची पहिली तीन पानं छापून भिंतीला. एकाच वस्तूची जेवढी नावं सापडतील त्यांना एका रंगाच्या पेननं गोल. मग भांडा. भांडण 'स्वाध्याया'वरून होणार, आणि होऊ द्या, कारण मराठीच्या बाईंचा स्वाध्याय कदाचित खरोखर वेगळा असेल: गुण नाहीत, कितीही वेळा करा. तसं निघालं तर तो शब्द ठेवायचा, पण मग गुण असलेल्या कशालाही स्वाध्याय म्हणायचं नाही. ठरलेले शब्द एका पाठकोऱ्या कागदावर मावले पाहिजेत. त्याहून जास्त झाले तर कुणी बघत नाही, हे अनुभवाचे बोल.

त्यानंतर एक रिकामा नमुना अभ्यासक्रम बनवा: क्रम ठरलेला, शीर्षकं ठरलेली, आत मजकूर नाही. मूडलमध्ये एका अभ्यासक्रमातलं दुसऱ्यात आयात करता येतं, नव्या शिक्षकानं तिथूनच सुरुवात करायची. कोऱ्या पानावर शिक्षक सोडला की फुलं उगवणारच. (फुलांशी माझं वैर नाही. पण एकतीसपैकी एकाच अभ्यासक्रमात फुलं दिसली की मुलाला वाटतं, फूल म्हणजे काहीतरी खास आहे, दाबून बघू.)

आणि शेवटी पाच मुलं बसवा. वेबसाइट वापरायला सोपी आहे का हे तपासणाऱ्या याकोब नील्सननं २००० सालीच मांडलंय की पाच जणांना वापरताना पाहिलं तरी बहुतेक अडचणी समोर येतात. तुमच्याकडे तर मुलं घरात येतात. अट एकच, तुम्ही बोलायचं नाही. मूल अडकलं तरी नाही. शिक्षकांना हे फार जड जातं, मी पाहिलंय.


वेलांटी

वरच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. मी फक्त अक्षरांबद्दल बोलते, माझा तोच धंदा.

डिझायनरांच्या त्या आठ स्क्रीनवर मजकूर इंग्रजीत होता का? बहुधा असणार. 'सबमिट'च्या मापाच्या बटणात 'पेपर जमा करा' कोंबलं की एक तर दोन ओळी होतात, नाहीतर शेवटी तीन टिंबं येतात. त्यांना सांगा, खऱ्या मराठी मजकुरावरच काढून द्या, आणि शीर्षकं तुमच्याकडची सगळ्यांत लांब घ्या.

देवनागरीत वर मात्रा-वेलांटी-अनुस्वार आणि खाली उकार-ऋकार, असा दुमजली कारभार. दोन ओळींत इंग्रजीच्या सवयीनं अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षराच्या उंचीच्या दीडपट तरी ओळ हवी. आणि शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांत अंतर वाढवायची एक फॅशन आहे, त्यानं शिरोरेघ तुटते. दात पडल्यासारखा शब्द दिसतो. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नसल्यामुळे महत्त्वाचं काय हे आकारानं आणि जाडीनंच दाखवावं लागतं. बारीक वजनाचा फॉन्ट स्वस्त फोनवर नको, 'स्वातंत्र्य'सारख्या शब्दांतली जोडाक्षरं गिचमीड होतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट आहेत.

पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून नोंदवलीय का बघा. हिंदी नोंदवली, किंवा काहीच नोंदवली नाही, तर मराठी रूपं असलेला फॉन्टसुद्धा हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतो. राज्य शासनानं २००९ साली पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलाय. पाचवीच्या पोराला वर्गात एक ल आणि पडद्यावर दुसरा, कशाला?

शोधाच्या चौकटीत 'वाऱ्यावर' टाकून बघा. हा अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी उमटवता येतो, दिसतो तोच, आत कोड वेगळे. शिक्षकांनी एका तऱ्हेनं टंकला आणि मुलानं दुसऱ्या, तर तो शब्द असलेली कविता समोर असून 'काही सापडले नाही' येतं.

जांभळ्याबद्दल: फिकट जांभळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर नकोच. वेबसाइट सगळ्यांना, अपंगांनाही, वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी मानकात साध्या मजकुराला निदान ४.५ ला १ इतका रंगभेद लागतो. त्याच मानकाच्या २०२३च्या आवृत्तीत दाबायच्या जागेला किमान २४ पिक्सेल सांगितलेत, अँड्रॉइडवाले ४८ एककं सांगतात. तुम्ही अँड्रॉइडचं ऐका. फोनची काच तडकलेली असते आणि बोटाला शेंगदाण्याचं तेल.

अवांतर: घड्याळ इंग्रजी अंकांत आणि प्रश्न क्रमांक मराठी अंकांत, असं एकाच पानावर असेल तर ते आधी मिटवा. सेमी-इंग्रजीच्या मुलांना गणितात इंग्रजी अंक लागतील, त्यांच्या अभ्यासक्रमात सगळेच तसे ठेवा.


माणदेशी_बाप

मी काय ह्या धंद्यातला न्हाई. माझं पोरगं दुसरीकडच्या असल्याच ॲपवर शिकतंय, म्हणून लिवतो.

मी रात्री आठला घरी येतो, तवा फोन पोराच्या हातात पडतो. त्याला मिळतो एक तास. त्यातली धा मिनिटं ते काल कुठवर आलं होतं ती जागा हुडकण्यात जातात. दर बारीला पहिलं पान उघडतंय, वर सरकती चित्रं, आमच्या क्लासचं अमुक पोरगं पयलं आलं, तमुक आलं. आम्ही पैसं भरून आत आलोय, आता आमाला कशाला जाहिरात? काल जिथं थांबलं तिथलं एक बटण वर द्या. बाकी चित्रं खाली ठेवा, रविवारी बघू.

दुसरं, व्हिडिओ किती मिनिटांचा आन किती एमबीचा ते उघडायच्या आधी लिवा. अर्ध्यात डेटा संपला की पोरगं रडतंय आन मी वैतागतो.


बोरू_आणि_बटण

माणदेशीदादा, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीला लावते.


मिरजेची_मास्तरीण

सगळ्यांना दंडवत. तीन आठवड्यांनी लिहितेय, माफी असावी.

चोर सापडला. स्थितीचा रकाना उघडला तर त्या मुलीसकट चौदा मुलं 'प्रगतीत' होती, एक तर मागच्या दिवाळीपासून. क्रॉन लावलेला नव्हता. भाचा आधी 'लावलाय'च म्हणाला! मी जतला फोन करून वडिलांना सांगितलं की चूक आमची होती, पोरगी खरं बोलत होती. पेपर जमा करून घेतला, १५०पैकी ११८. वडील म्हणाले, "तिलाच सांगा," आणि फोन तिच्याकडे दिला. ती "हं" एवढंच म्हणाली.

रविवारी बैठक झाली. पोह्यांऐवजी मिसळ, त्यामुळे छापलेल्या पानांवर तर्रीचे डाग आहेत. एकाच वस्तूला आमच्याकडे चार नव्हे, सात नावं निघाली. 'पेपर' म्हणजे वेळ लावून, गुणांसकट. 'स्वाध्याय' म्हणजे बिनगुणांचा, हवा तितक्यांदा. मराठीच्या बाईंचं खरंच वेगळं होतं. 'टेस्ट सिरीज' गेलं. फुलं सगळ्यांना द्यायची का कुणालाच नाही यावर मतदान घेतलं, फुलं हरली. इंग्रजीच्या बाई दोन दिवस बोलत नव्हत्या.

मग पाच मुलं बसवली. मी खरंच तोंडाला पदर लावून बसले होते. पहिल्याच मुलानं 'उत्तरं पुन्हा बघा' दाबलं, सारांशाचं पान आलं, आणि त्यानं खाली सरकवलंच नाही. पंच्याहत्तर ओळींच्या खाली बटण आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. माझ्या जिभेवर "अरे, खाली बघ की" आलं होतं. चाळीसेक सेकंदांनी तो म्हणाला, "झालं, मॅडम." म्हणजे शब्द बदलूनही अर्धंच काम झालं होतं. भाच्यानं आता 'पेपर जमा करा' त्या पानावर सगळ्यांत वर आणलंय आणि शेजारी किती प्रश्न राहिले तो आकडा. पुढच्या चार मुलांनी न विचारता दाबलं.

व्हिडिओंपुढे मिनिटं आणि एमबी लिहायला सुरुवात केलीय, 'काल इथे थांबलात' हे बटण भाचा करतोय. डिझायनरांना सांगितलंय की आधी आमचा शब्दांचा कागद घ्या आणि त्यावरून दोनच स्क्रीन काढा, जांभळा चालेल पण गडद. त्यांनी पैसेही कमी केले.

एक अडलंय, त्यावर मत द्या. बुद्धिमत्तेचे सर 'घटक' सोडायला तयार नाहीत. बाकी आठ जण 'पाठ' म्हणताहेत. सरांचं म्हणणं, आकृत्यांच्या मालिकेला 'पाठ' कोण म्हणतं? आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटतंय.