तडीपारीवर पीएच.डी.: नागपुरात पोलिसांच्या नोंदी कशा मिळवायच्या, आणि पुढे प्राध्यापकीची वाट कशी?

विधिछाया (प्रश्न)

एलएल.एम. फौजदारी कायद्यात झालं आहे. पुढे पोलीस-व्यवस्थेवर संशोधन आणि अध्यापन करायचं आहे. पीएच.डी.साठी विषय धरलाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५५ ते ५७ खालच्या हद्दपारीचा, नागपूर शहर आणि ग्रामीण मिळून. तीन ठिकाणी अडतंय. नुसत्या निवाड्यांवर प्रबंध उभा करायचा नाही, पण "पोलीस काही देत नाहीत" असंच सगळे सांगतात. नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) विधी विषयात द्यावी की गुन्हेशास्त्रात? आणि तडीपार झालेल्यांच्या मुलाखती घेतल्या तर कायद्याने काही अडचण येते का? नेमकं सांगा, प्लीज.

रोजनामा

विषय चांगला आहे, कारण तडीपारीत कागद भरपूर तयार होतो. ठाणेदार प्रस्ताव पाठवतो, सहायक पोलीस आयुक्त कलम ५९ ची नोटीस देऊन चौकशी करतो, परिमंडळाचे उपायुक्त सुनावणी घेऊन आदेश काढतात. ग्रामीणमध्ये कलम ५६ चा आदेश बहुधा उपविभागीय दंडाधिकारी काढतात, टोळीसाठीचा कलम ५५ चा पोलीस अधीक्षक. म्हणजे शहर आणि ग्रामीण ही नुसती दोन ठिकाणं नाहीत. एकीकडे पोलीसच पोलिसांचा प्रस्ताव तपासतात, दुसरीकडे महसूल अधिकारी. तुमच्या प्रबंधाचा सगळ्यात मोलाचा प्रश्न मला इथे दिसतो. तो सोडू नका.

आता नोंदी. माहिती अधिकारात "२०१८ ते २०२४ मधील सर्व तडीपार आदेशांच्या प्रती द्या" असा अर्ज केलात की कलम ७(९) दाखवून "साधनसामग्री प्रमाणाबाहेर वळवावी लागेल" म्हणून परत येईल. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांचा आणि एकाच विषयाचा लागतो. त्यामुळे तुकडे करा: एक परिमंडळ, एक वर्ष, एक अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतींना पानामागे २ रुपये. पहिल्या अर्जात प्रती मागूच नका. आकडे मागा: किती प्रस्ताव आले, किती फेटाळले, किती आदेश निघाले, कोणत्या कलमाखाली, किती महिन्यांसाठी, किती जिल्ह्यांतून. हे हातात आलं की कोणत्या आदेशांच्या प्रती हव्यात ते ठरवा आणि दुसऱ्या अर्जात नावं, पत्ते झाकून द्या असं स्वतःच लिहा. कलम १० त्यासाठीच आहे. गोपनीय साक्षीदारांचे जबाब मागू नका. कलम ८(१)(g) खाली ते नाकारलेच जातील आणि त्यांच्यापायी पूर्ण अर्ज लटकतो. किती जबाब घेतले आणि वरिष्ठाने ते पडताळल्याची नोंद आहे का, एवढंच विचारा.

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत दुसरं. राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे, पण दुसऱ्या अपिलाला वेळ लागतो. म्हणून सगळे अर्ज नोंदणीच्या पहिल्याच सहामाहीत टाका. बरेच जण कोर्सवर्क संपेपर्यंत थांबतात आणि चौथ्या वर्षी नोंदींची वाट बघत बसतात.

दुसरा रस्ता कमी लोकांना सुचतो. २०१६ च्या यूथ बार असोसिएशन निकालानंतर प्रथम खबरी (एफआयआर) पोलिसांच्या संकेतस्थळावर चढतात, संवेदनशील गुन्हे सोडून. ठाणेनिहाय, तारखेनिहाय शोधा आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १४२ लागलेले गुन्हे वेगळे काढा. हद्दपार माणूस परवानगीशिवाय हद्दीत सापडला की हे कलम लागतं, आणि खबरीच्या मजकुरात मूळ आदेश कोणाचा, कधीचा, किती काळाचा हे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. मराठी पीडीएफमधून मजकूर नकलला की अक्षरं फुटतात, तेव्हा हातानेच टंकायची तयारी ठेवा. हे सापडलेले आदेश म्हणजे सगळे आदेश नव्हेत, हेही विसरू नका. आदेश मोडून पकडले गेले तेवढेच यात दिसतात.

सिव्हिल_लाईन्स

वरच्या उत्तराला जोडून. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातल्या फौजदारी रिट याचिकाही बघालच, पण त्यांच्यावरून "इतके टक्के आदेश बेकायदा" असं कधी लिहू नका. कलम ६० खाली शासनाकडे ३० दिवसांत अपील, ते फेटाळल्यावर रिट, एवढा खर्च आणि वेळ परवडणारेच तिथे पोचतात. तोवर आदेशाची निम्मी मुदत सरलेली असते. याचिकांवरून न्यायालय काय तपासतं ते कळतं, पोलीस एरवी काय करतात ते नाही.

कालखंड विचारपूर्वक निवडा. सर्वोच्च न्यायालयाचा दीपक लक्ष्मण डोंगरे निकाल २८ जानेवारी २०२२ चा, जालन्याच्या प्रकरणातला. हद्दपारी हा अपवादात्मक उपाय आहे, आणि कमाल दोन वर्षांसाठी घालवायचं असेल तर तेवढा काळ का लागतो याची कारणं आदेशात दिसली पाहिजेत, असं त्यात आहे. त्याच्या आधीचे आणि नंतरचे आदेश ताडून पाहण्यासारखे आहेत. पण २०२०-२१ हे कोविडचं, ते तुलनेत घेतलंत तर आकडे फसवतील. आणि १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली. मला विचाराल तर जानेवारी २०१८ ते डिसेंबर २०१९ हा एक टप्पा आणि फेब्रुवारी २०२२ ते जून २०२४ हा दुसरा. महिने सारखे नाहीत (२४ आणि २९), म्हणून आदेशांची संख्या न ताडता प्रमाण ताडा. वर्षातले निवडक महिनेही घेऊ नका; सण आणि निवडणुकांच्या तोंडावर प्रस्ताव वाढतात.

जून २०२४ च्या पुढे जायचंच असेल तर कलमांचा तक्ता आधी करा. कलम ५६(१)(ब) मध्ये भारतीय दंड संहितेची प्रकरणं १२, १६ आणि १७ अशी नावानिशी आहेत, नव्या संहितेत शरीराविरुद्धचे गुन्हे प्रकरण ६ मध्ये आणि मालमत्तेचे १७ मध्येच राहिले. ३२४ चं ११८(१), ३७९ चं ३०३(२), ५०६ चं ३५१. हा तक्ता नसला तर एकाच माणसाचे जुने-नवे गुन्हे वेगळ्या खान्यात पडतात.

प्रत्येक आदेशातून काय उचलायचं? शेवटचा गुन्हा आणि नोटीस यांच्यातले दिवस, नोटीस ते आदेश यांच्यातले दिवस, आधारभूत गुन्ह्यांपैकी किती निर्दोष सुटलेले, किती नुसते प्रलंबित, गोपनीय जबाब किती, मुदत, आणि गुन्हे एका ठाण्याचे असताना किती जिल्ह्यांतून घालवलं. नोटिशीत आरोपांचं फक्त सर्वसाधारण स्वरूप दिलं तरी पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९७२ च्या पंढरीनाथ रांगणेकर निकालापासून आहे, म्हणून नोटीस मोघम आहे एवढ्यावरून तिला दोष लावू नका. आडनावावरून जात ठरवू नका. पन्नासेक आदेश दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवून जुळतात का ते पाहा, मगच पुढचे घ्या.

तासिका

नेट विधीतच द्या. विधी महाविद्यालयात सहायक प्राध्यापकाच्या जागेला एलएल.एम. आणि विधीची नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) लागते. गुन्हेशास्त्राची नेट घेऊन तिथे दार उघडत नाही, आणि गुन्हेशास्त्राचे विभाग मोजके आहेत. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती), सहायक प्राध्यापक, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. शेवटच्या दोन गटांचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात आणि त्यांना ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. म्हणजे मार्गदर्शक आणि रिक्त जागा आधी हेरून परीक्षा द्या, उलट केलंत तर गुण वाया जातात. नव्या नियमांत (२०२२) प्राध्यापकाला एकावेळी ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ विद्यार्थी घेता येतात. महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, दोन्हीकडे कोणाकडे जागा आहे ते प्रत्यक्ष जाऊन विचारा. संकेतस्थळावरची यादी अनेकदा जुनी असते.

मुदत किमान ३ वर्षं, कमाल ६. पैशाचं म्हणाल तर जेआरएफ दरमहा ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. ती नसेल तर सामाजिक गटाप्रमाणे राज्याच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती: बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा), महाज्योती (ओबीसी), टीआरटीआय (अनुसूचित जमाती). महाज्योतीचं मुख्यालय नागपुरातच आहे. या अधिछात्रवृत्त्यांना आधी पीएच.डी. नोंदणी लागते, आणि दोन एकदम घेता येत नाहीत.

एक कळकळीने सांगतो. कायम जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवावं लागेल, आणि तीन महाविद्यालयं धरली की संशोधन थांबतं. एकच धरा, आणि तिथे पुरावा कायदा किंवा फौजदारी प्रक्रिया मागून घ्या म्हणजे वाचन एकाच दिशेने होतं. दुसऱ्या वर्षाअखेर शहर-ग्रामीण तुलनेचा एक लेख बाहेर गेला पाहिजे. निवड समितीपुढे "पोलिसिंगवर काम करतो" असं सांगणारे पुष्कळ येतात, स्वतः नोंदवलेले दोन-तीनशे आदेश दाखवणारा क्वचितच.

विधिछाया

खूप आभार सगळ्यांचे. मुलाखतींचं राहिलं. पोलिसांची परवानगी कशी मागायची?

रोजनामा

पोलिसांसाठी: संस्थेच्या लेटरहेडवर, मार्गदर्शकाच्या सहीने, पोलीस आयुक्तांच्या नावे पत्र. सोबत प्रश्नावली, ठाण्यांची नावं, किती जणांशी किती मिनिटं बोलणार ते. शीर्षकात "गैरवापर" हा शब्द नको. तो निष्कर्ष आहे, प्रश्न नाही. आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा. अंमलदार आवाज रेकॉर्ड करू देणार नाहीत, सेवानियमांची धास्ती असते. हाताने टिपा आणि नावाऐवजी सांकेतिक क्रमांक लिहा. पोळा-मारबत, गणपती, दीक्षाभूमीचा सोहळा आणि डिसेंबरचं अधिवेशन या काळात कोणी भेटणार नाही, सगळे बंदोबस्तात असतात. जानेवारी ते मार्च मोकळे मिळतात.

तडीपारांच्या मुलाखतींना विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी. संशोधकाला वकिलासारखं गोपनीयतेचं संरक्षण नाही, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ प्रमाणे काही गंभीर गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणं कोणाही व्यक्तीवर बंधनकारक आहे. त्यामुळे बोलणं सुरू होण्याआधीच मराठीत सांगा: नोंद न झालेल्या किंवा पुढे घडणार असलेल्या गुन्ह्याबद्दल मला सांगू नका. प्रश्न आदेशानंतरच्या जगण्यापुरते ठेवा: राहायला कुठे, काम काय, कुटुंबाची भेट, हजेरी कोणत्या ठाण्यात.

आणि मुदत चालू असलेल्या माणसाला नागपुरात भेटायला बोलावू नका. तुमच्या मुलाखतीसाठी तो हद्दीत आला की कलम १४२ चा गुन्हा त्याच्यावर लागतो. तो वर्धा, भंडारा, जिथे राहत असेल तिथे तुम्ही जा. आदेशात नेमके कोणते जिल्हे आहेत ते त्याच्याकडच्या प्रतीत वाचूनच जागा ठरवा, कारण कित्येकदा लगतचे जिल्हेही घातलेले असतात.