अणुबाँबचा इतिहास नेटवर कोठून वाचाव? भाच्याच्या प्रश्नानं फसलो

पऱ्हाटीवाला_आर्वी:

रामराम मंडळी. मी आर्वी तालुक्यातला, कापूस-तुरीवाला माणूस, बारावी आर्ट्स, म्हणजे सायन्सच्या नावानं आपली बोंबच हाय हे आधीच सांगून ठेवतो. झालं असं का बहिणीचा पोरगा दिवाळीत आलता, नववीत हाय, रात्री आंगणात बाजेवर पडल्या पडल्या मले म्हणे मामा, पोखरणले बाँब फोडला तं तिथले लोकं काहून नाही मेले, हिरोशिमात तं केवढे मेले. म्या म्हटलं जमिनीखाली फोडला म्हणून. तं म्हणे किती खाली? अन् मंग जमीन फाडून वरतं काहून नाही आला? अन् खालीच फोडाचं हे कोणं ठरवलं? आता काय सांगाव बाप्पा. म्या म्हटलं झोप, सकाई सांगतो.

त्या सकाईले आता तीन हप्ते झाले, मी शोधूनच राहिलो. आमच्या गावात नेटवर्क म्हणजे पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभं राहा तवा दोन दांड्या येते, दिवसाचा दीड जीबी. यूट्यूब उघडलं तं ढोल-नगारे, एक जण बोंबलून सांगते का महाभारतातलं ब्रह्मास्त्र म्हणजेच अणुबाँब, दुसरा सांगते का कलाम साहेबांनं एकट्यानं बनवला. डाटा खतम, उत्तर नाही. मंग इंग्रजी पानं उघडले अन् मोबाइललेच म्हटलं मराठीत करून दे. त्यानं जे केलं ते वाचून बायको हासून हासून बेजार. "हिरोशिमा बाँबचे उत्पन्न १५ किलोटन." म्हटलं एकरी का? पुढं "हॅनफर्ड येथील प्लुटोनियम वनस्पती". आमच्याकडं बीटी येऊन गेलं, हे वाण अजून आलं नाही.

तं सांगा, कोठून सुरू कराव. फुकट पाह्यजे, पाहाचं कमी अन् वाचाचं जास्त, अन् ज्याच्यावर भरोसा ठेवता येईन असं. मराठीत असन तं सोन्याहून पिवळं.

भौतिकवाले_सर:

भाऊ, भाचा हुशार आहे. आधी त्याला उत्तर द्या, साइट नंतर पाहू.

१८ मे १९७४ चा पोखरणचा बाँब १०७ मीटर खोल ठेवला होता, म्हणजे जवळपास ३५० फूट, आपली एक बोअर धरा. त्यातली मजा अशी की पहिला खड्डा खणता खणता त्याला पाणी लागलं, तो सोडून दुसरा खणावा लागला. थरच्या वाळवंटात नको असताना पाणी लागते अन् माझ्या वावरात ३५० फुटावर नुसता फुफाटा, याला काय म्हणावं. असो. एवढ्या खाली स्फोट झाला की भोवतालचा खडक वितळतो, त्याची वाफ होते, पोटात पोकळी तयार होते, मग वरचा खडक तिच्यात ढासळतो अन् जमिनीवर बशीसारखा खड्डा पडतो. खोली पुरेशी असली अन् वरून बुजवणी नीट केली असली तर विषारी माल बहुतेक खालीच अडकून राहतो. तो १९७४ चा खड्डा सॅटेलाइट नकाशावर अजून दिसतो, भाच्याला दाखवा, फार डाटा लागत नाही.

आता खालीच फोडायचं कोणं ठरवलं. त्यासाठी १ मार्च १९५४ ला जा. अमेरिकेनं प्रशांत महासागरात बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँब फोडला, अंदाज होता पाच-सहा मेगाटनाचा (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी दारूएवढी ताकद), निघाला १५ चा. बाँबच्या इंधनातल्या लिथियमचा जो प्रकार काही करणार नाही असं धरलं होतं तोही पेटला. दूरवर एक जपानी मासेमारी बोट होती, तिच्यावर पांढरी राख पडली, सगळे खलाशी आजारी पडले, एक सहा-सात महिन्यांनी गेला. जपानात बोंब झाली, जगभर झाली, अन् होता होता १९६३ मध्ये मॉस्कोत करार झाला की हवेत, पाण्याखाली, अंतराळात चाचणी करायची नाही. त्यावर भारताचीही सही आहे. म्हणजे आपल्याला करायची झाली तर जमिनीखालीच करावी लागणार होती. फ्रान्स अन् चीननं सही केली नाही, ते पुढं कितीतरी वर्षं हवेत फोडत राहिले, चीन तर १९८० पर्यंत. आहे ना, मामाला तीन हप्ते पुरलं नाही ते दोन परिच्छेदात आलं. (गंमत करतो, राग मानू नका.)

वाचायचं म्हणाल तर मी म्हणतो मोठा इतिहास नकोच धरू. एकेक कागद धरा, मूळ कागद. दोन पानांचा असला तरी चालते, तुमच्या टाकीजवळच्या दोन दांड्यांत उतरते. पहिला, आइन्स्टाइनच्या सहीचं २ ऑगस्ट १९३९ चं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेलं पत्र. सही आइन्स्टाइनची, पण डोकं खरं झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाचं. ते वाचलं की कळते, तेव्हा यांना वाटत होतं बाँब इतका जड होईन की जहाजात घालून बंदरावर न्यावा लागंन. मग दुसरा कागद काढा, मार्च १९४० चा, फ्रिश अन् पायर्ल्स या दोघा शास्त्रज्ञांचा, इंग्लंडमध्ये आसऱ्याला आलेले. त्यांनी हिशेब करून सांगितलं की शुद्ध युरेनियम-२३५ (युरेनियमचा बाँबला लागणारा प्रकार) असलं तर एखादा किलो बस. आकडा चुकला, हिरोशिमाच्या बाँबमध्ये ६४ किलोच्या आसपास युरेनियम होतं. पण टन नाही, किलो, म्हणजे विमानात बसते, हे पहिल्यांदा कागदावर आलं. मी शाळेत शिकवताना या दोन कागदांवर एक आख्खा तास घालवायचो, पोरं घंटा झाली तरी उठत नव्हती. तिसरा जरा जाडा, स्माइथ रिपोर्ट. नागासाकी झालं ९ ऑगस्ट १९४५ ला अन् तीन दिवसात, १२ तारखेला, अमेरिकी सरकारनं स्वतःच छापून टाकला की आम्ही काय काय केलं. इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, सांगायचं ते सांगितलं, झाकायचं ते झाकलं, त्यामुळं त्यात भौतिकशास्त्राचे लोक हिरो अन् केमिस्ट्रीवाले अन् कारखानेवाले मागं पडलेले दिसतात.

मराठीत पाहिजे असंन तर मराठी विश्वकोश नेटवर पूर्ण आहे, पहिल्या खंडात 'अणु'पासून सुरू होणाऱ्या नोंदी एकामागून एक वाचा. भाषा जुनी, जड, पण चूक सापडणं कठीण. अणूचा गाभा फुटण्याला तिथं भंजन म्हणते, भाच्याच्या पुस्तकात विखंडन असंन, गोष्ट एकच. अन् ते उत्पन्न म्हणजे स्फोटाची ताकद, वनस्पती म्हणजे कारखाना. आणखी एक सांगतो, शिकागोच्या १९४२ च्या पहिल्या अणुभट्टीचं मोबाइल भाषांतर 'ढीग' करते, त्याला हसू नका, तो खरंच ढीग होता. ग्राफाइटच्या हजारो विटा एकावर एक, जिनिंगवर कापसाची गंजी लावते तशी, मध्ये मध्ये युरेनियम.

चहा_टपरी_दिग्रस:

सरांनं तं किर्तनच लावलं 😄 मस्त हाय पण.

भौ तू न्यूकमॅप पाह्य. अ‍ॅलेक्स वेलरस्टीन म्हणून इतिहासकार हाय, त्यानं २०१२ मध्ये बनवलं, नकाशावर कुठीबी बाँब ठेवा, कोणता तेबी निवडा, वर्तुळं काढून देते. मी हिरोशिमावाला आमच्या बसस्टँडवर ठेवला तं घरं पडाचं वर्तुळ पावणेदोन किलोमीटरपर्यंत गेलं, म्हणजे माझी टपरी, मार्केट यार्ड, सासरवाडी सगळंच. मंग रशियाचा १९६१ वाला ५० मेगाटनचा ठेवला अन् मोबाइल खाली ठेवून चहा पेलो. त्याच माणसाचा ब्लॉगबी हाय, तो वाच, कारण तो दर गोष्टीले कागद दाखवते, उगाच फेकत नाही.

अन् ते गीतेचं एक राहिलं. ओपनहायमरनं, म्हणजे अमेरिकेचा बाँब बनवणाऱ्या प्रयोगशाळेच्या मुख्यानं, १९४५ चा पहिला चाचणी-स्फोट पाहून तिथंच श्लोक म्हटला असं समदे सांगते ना, तर तसं काही त्या दिवशीचं नोंदलेलं नाही. १९६५ मध्ये टीव्हीवर त्यानं सांगितलं का तवा मले तो श्लोक आठवला. त्याच्या भावाच्या आठवणीप्रमाणं तिथं तो एवढंच म्हणला का जमलं. संस्कृत मात्र तो खरंच शिकला होता, बर्कलेत रायडर नावाच्या प्रोफेसरकडं. श्लोकात 'कालोऽस्मि' हाय, रायडरनं त्याचं मृत्यू केलं, म्हणून हा पण मृत्यू म्हणला. आमचे बुवा म्हणते काळ म्हणजे दोन्ही, त्यात काय भांडाचं.

शांत_बसा_राव:

एक विचारू? हे असं बाँब बाँब सर्च करून पोलिसांचं काही लफडं तं नाही ना होत? आमच्याकडं पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो जवळ हाय, लोकं आधीच घाबरून राहते.

भौतिकवाले_सर:

भाऊ, पत्रं, अहवाल, करार, संसदेतली भाषणं, सगळं सरकारांनीच खुलं केलेलं आहे. इतिहास वाचायला लायसन लागत नाही. डेपोच्या गेटचे फोटो मात्र काढत बसू नका.

पुसदची_लेक:

दादा, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, त्यात या विषयात जरा जास्तच वाहवत गेले (मुख्य परीक्षेत एक मार्काचा उपयोग झाला नाही हा भाग वेगळा). भारताचं वाचायचं असेल तर माझ्या दोन आवडत्या जागा. एक, नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह. नावावरून अमेरिकन सरकारी वाटतं पण ती जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातली बिगरसरकारी संस्था आहे, सरकारकडून गुप्त कागद मागून मागून खुले करून घेते. १९७४ च्या पोखरणवरचे कागद तिथं आहेत, अमेरिकेच्या हेरखात्याला आपला पत्ताच लागला नव्हता आणि नंतर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की आपण कुठं चुकलो, ते वाचायला फार मजा येते. दुसरी, विल्सन सेंटरचं डिजिटल आर्काइव्ह, तिथं वेगवेगळ्या देशांचे कागद इंग्रजीत भाषांतर करून ठेवलेत. आणि आपल्या संसदेची जुनी भाषणं नेटवर आहेत ती कोणी उघडतच नाही, एप्रिल १९४८ मध्ये नेहरूंनी अणुऊर्जेचं विधेयक मांडलं तेव्हा इतकी गुप्तता कशाला असा प्रश्न तिथल्याच एका सदस्यानं विचारला होता, आणि २७ मे १९९८ चं वाजपेयींचं लोकसभेतलं निवेदनही मिळतं. कलाम एकट्यांनी बनवला म्हणणाऱ्यांना हेच दाखवायचं, बाँबचं काम भाभा अणुसंशोधन केंद्राचं, १९७४ ला राजा रामण्णांचा गट, १९९८ ला चिदंबरम आणि काकोडकर, कलाम तेव्हा संरक्षण संशोधनाच्या बाजूनं होते.

पण दादा, खरं सांगू का, मला कागदांपेक्षा माणसं जास्त लक्षात राहिली. 'व्हॉइसेस ऑफ द मॅनहॅटन प्रोजेक्ट' नावाचा मुलाखतींचा साठा आहे (मॅनहॅटन प्रोजेक्ट म्हणजे अमेरिकेची बाँब बनवायची गुप्त योजना), ऐकायचं नसेल तर लिहिलेल्या पण आहेत. त्या योजनेच्या ओक रिज गावात युरेनियम वेगळं करायच्या मशीनींवर टेनेसीतल्या खेड्यापाड्यातल्या शाळा संपवलेल्या पोरी बसवल्या होत्या. समोर मीटर, काटा मधे ठेवायचा, हलला की बटन फिरवायचं, बस एवढंच काम. काय बनतंय ते त्यांना कोणी सांगितलं नाही, हिरोशिमा झाल्यावर कळलं. माझी आजी जिनिंगवर सरकी वेचायची, तिलाही सरकी पुढं कुठं जाते ते माहीत नव्हतं, पण सरकीच ती.

आणि हिरोशिमाच्या शांती संग्रहालयाची साइट. वर्तुळं काढून झाली की ती बघा, आधी नको. तिथं एका शाळकरी पोराचा जेवणाचा डबा आहे, आतलं अन्न जळून कोळसा झालेलं. त्याच्या आईला तो डबा त्याच्याजवळ सापडला, डब्यावरून तिनं ओळखलं. भाच्याला दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

पऱ्हाटीवाला_आर्वी:

सगळ्यायचे आभार हो. सर, राग कायचा आला, तुमचे दोन परिच्छेद म्या वहीत उतरवून घेतले अन् काल फोनवर भाच्याले वाचून दाखवले. पाणी लागलं ते ऐकून तो म्हणे मामा, मंग ते पाणी किरणोत्सारी झालं असन का? म्या म्हटलं बाबा, तो खड्डा तं सोडून देला, बाँब दुसऱ्यात. तं म्हणे दुसऱ्याच्या खाली पाणी नव्हतं काय? सर, आता तुम्हीच या अन् सांगा त्याले.

आइन्स्टाइनचं पत्र टाकीजवळ उभं राहून वाचलं, दोन पानं, आडलेले शब्द भाच्यालेच विचारले. ते जहाजाचं हाय खरं त्याच्यात. रूझवेल्टचं उत्तर ऑक्टोबरात आलं म्हणते, तेबी काढून ठेवलं. पुसदच्या ताई, तो डबा म्या पाह्यला. भाच्याले पाठवला नाही, तो इकडं आला का संगच पाहू.

ओक रिजच्या पोरींच्या मुलाखती बायकोनं धरल्या, तिले म्हणे त्या मराठीत करून दे, अन् मोबाइलवर नाही, तूच करून दे. उद्यापासून दुसरी वेचणी हाय, रात्री जमन तसं करतो.