विकलांगता पेन्शन नाकारली गेली, तर अपील करावे का?

निवृत्त हवालदार, बीड:
आमच्या भागातील नाईक हुद्द्याचा एक जवान भरतीच्या वेळी शेप-वन (म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या पूर्ण तंदुरुस्त) होता आणि सियाचीनची नेमणूक संपवून शांत ठिकाणी (लढाऊ वा खडतर भागाबाहेरच्या छावणीत) आल्यावर काही महिन्यांतच त्याला उच्च रक्तदाब निघाला. निवृत्तीच्या वैद्यकीय मंडळाने विकलांगता 30 टक्के, आयुष्यभरासाठी, असे लिहिले; मात्र आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही, असा शेरा मारून कारणाच्या रकान्यात ‘शांत ठिकाणी सुरुवात’ एवढेच नोंदवले. दावा अर्थातच फेटाळला गेला. भरतीच्या कागदांत आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत उद्भवला असे मानावे, आणि मंडळाने उलट म्हणायचे असेल तर कारणे द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग खटल्यात 2013 साली सांगितले आहे. त्याने अपील केलेच पाहिजे.

निवृत्त नायब सुभेदार, लातूर:
हवालदारसाहेब, मला हे पटत नाही. रक्तदाब आमच्या गावातील कोरडवाहू शेतकऱ्यालाही होतो. त्याचे खापर पलटणीवर कसे फोडायचे? शिवाय 2019 च्या नरसिंग यादव खटल्यात त्याच न्यायालयाने वैद्यकीय मंडळाच्या मताला महत्त्व दिले. सुरुंगस्फोटात पाय गमावलेला जवान आणि वयोमानाने औषधाच्या गोळ्या सुरू झालेला जवान एकाच रांगेत उभे राहिले, तर खऱ्या जखमीचाच मान कमी होतो.

माजी सैनिकाची मुलगी, वकील, परभणी:
सुभेदारकाका, आपली कळकळ समजते. पण त्याच निकालानुसार मंडळाचे मत न्यायालयीन तपासणीपलीकडचे नाही, आणि सबळ वैद्यकीय पुरावा असेल तर ते बदलू शकते. म्हणून प्रश्न रक्तदाबाचा नसून या जवानाच्या नोंदींचा आहे: उंचावरील नेमणुकीच्या तारखा आणि पहिले वाढलेले रीडिंग शेजारी ठेवले, की ‘शांत ठिकाणी’ हा शेरा किती तोकडा आहे ते दिसते. आधी पहिले अपील, मग दुसरे, आणि तेथेही नकार आला तर अंतिम आदेशापासून सहा महिन्यांच्या आत सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात अर्ज, हा क्रम आहे. उशीर माफ होऊ शकतो, परंतु थकबाकी साधारणपणे मागील तीन वर्षांचीच मिळते. दावा मान्य झाल्यास सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या राम अवतार निकालामुळे 30 टक्के विकलांगता 50 टक्के धरली जाते; घर चालवणाऱ्याला हा फरक थोडा नाही.

निवृत्त नायब सुभेदार, लातूर:
ताई, नोंदी तशा असतील तर या एका जवानापुरता माझा विरोध नाही. सरसकट प्रत्येकाला अपील करा म्हणून सांगण्याला मात्र आहे. मुंबईच्या फेऱ्या आणि वकिलाची फी यांत पेन्शनवर जगणारा माणूस पिचतो.

निवृत्त हवालदार, बीड:
पहिल्या दोन अपिलांना ना वकील लागतो, ना मुंबई. मंडळाच्या कार्यवाहीची प्रत मिळवण्याचा अर्ज त्याने उद्याच टाकावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मी त्याच्यासोबत जाईन.